थंडी पडली की सोया मेणबत्तीत विहीर का पडते

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून सोया वॅक्सच्या मेणबत्त्या दिल्या. प्लास्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या लुटून कंटाळा आला होता. मापं मे महिन्यात पक्की केलेली होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन ग्लास पुन्हा जाळून बघितले, सुरेख जळले, आणि त्याच मापाने पंचेचाळीस ग्लास ओतून मी मोकळी झाले. रथसप्तमी यायच्या आत समोरच्या काकू ग्लास घेऊन दारात उभ्या. "वाण छान होतं गं, वास तर हॉलभर. पण ही बघ, आत विहीर पडलीये. वात बुडते आणि विझते."

ग्लास हातात घेऊन बघितला. मधोमध जुन्या आठ आण्याएवढं भोक, दोन पेरं खोल. तळाशी चमचाभर वितळलेलं मेण आणि त्यात वातीचं काळं टोक जेमतेम वर डोकावणारं. कडेचं मेण मात्र मी ओतलं तसंच होतं, पांढरं, गुळगुळीत, अगदी अस्पर्श. त्या आठवड्यात आणखी चार जणींनी हेच सांगितलं. बाकीच्या चाळीस जणींच्या ग्लासात विहीर नव्हती असं मी धरून चालले नाही. पुणेकर तोंडावर बोलतात हे खरं, पण वाणाच्या बाबतीत तेही गप्प बसतात.

याला टनेलिंग म्हणतात. आता दर डिसेंबरात घरी मेणबत्त्या करणाऱ्या ओळखीच्या बायकांचे फोन येतात ते याचसाठी, आणि प्रश्न ठरलेला असतो: या वेळचं वॅक्स भेसळीचं आलंय का? बहुतेक वेळा वॅक्स तेच असतं. खोली गार झालेली असते आणि वात मात्र उन्हाळ्यातलीच राहिलेली असते. पण एवढं सांगून फोन ठेवता येत नाही, कारण विहीर पडायची कारणं पाचसहा आहेत आणि थंडी हे त्यातलं एक. आपली विहीर कोणत्या कारणाची ते न बघता वात बदलली तर पुढची तक्रार काजळीची येते. हे मी करून बसले आहे, ते पुढे सांगते.

सगळ्यात आधी जाळणाऱ्याचं काही चुकलंय का ते बघा. नवी मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की वितळलेल्या मेणाचं तळं काचेच्या कडेला भिडेपर्यंत विझवायची नसते. ठोकताळा असा की ग्लासच्या आतल्या व्यासाच्या दर इंचाला एक तास. माझा ग्लास सात सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेतीन इंच, म्हणजे जवळजवळ तीन तास. आपल्याकडे काय होतं? पाहुणे यायच्या आधी पेटवतात, फोटो काढतात, पाहुणे जिन्यात असतानाच फुंकर. असं तीनदा झालं की मध्ये खड्डा आणि भोवती भिंत तयार. मग ज्योत खाली जाते, तिला हवा कमी मिळते, तिची उष्णता सरळ वर निघून जाते, आणि भिंत वितळायची ती राहूनच जाते. मेणाला पहिल्या जळण्याची आठवण राहते असं लोक सांगतात. आठवण वगैरे काही नाही, उंच भिंत आणि बारकी ज्योत एवढंच आहे.

तपासायचं कसं? त्याच खेपेचा एक कोरा ग्लास घ्या, खिडकी बंद, पंखा बंद, सलग चार तास जाळा. तीन-चार तासांत तळं कडेला पोहोचलं तर मेणबत्ती ठीक आहे. ग्लासला एक चिठ्ठी बांधा, 'पहिल्यांदा तीन तास विझवू नका', आणि विषय संपला. नाही पोहोचलं तर चूक आपली. काकूंना मी आडून विचारलं. त्यांनी संध्याकाळी सातला लावलेली मेणबत्ती सगळ्या मालिका संपवून साडेदहाला विझवली होती. म्हणजे चूक माझीच.

विहीर एका बाजूला कललेली असेल तर मात्र वातीच्या जाडीकडे जाऊच नका. एक तर वात मधोमध नाही, नाही तर वारा लागतोय. थंडीत पंखा कोण लावतं, असं म्हणाल. आमच्याकडे डासांसाठी लावतात, एकवर. तेवढ्याने ज्योत दिवसभर एकाच बाजूला लवते आणि समोरची बाजू तशीच राहते. वात मध्ये धरायला मी कपड्यांचा लाकडी चिमटा ग्लासवर आडवा ठेवते आणि मेण पूर्ण घट्ट होईपर्यंत काढत नाही. तासाभरात पृष्ठभाग जमलेला दिसतो पण खाली मेण अजून मऊ असतं, तेव्हा चिमटा काढला की वात हळूच झुकते.

माझ्या ग्लासांची विहीर मात्र गोल, सरळ, मधोमध होती. मी वॅक्सच्या पिशवीवरचा खेपेचा नंबर ताडून बघितला, थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून तपासला. सगळं ठीक. उत्तर सापडलं ते देवघरात, आणि तेही बोलणी खाताना.

सकाळी सासूबाई पूजेला बसल्या होत्या. निरांजनात तुपाचा गोळा, त्यात फुलवात खोचलेली. वात पेटली, तिच्या बुडाशी हरभऱ्याएवढं तूप वितळलं, तेवढं संपलं आणि वात स्वतःच जळून काळी झाली. भोवतीचं तूप घट्टच. आरती अर्ध्यावर असताना निरांजन विझलं. "या कसल्या फुलवाती आणल्यास? नुसता कापूस, पीळ म्हणून नाही," असं माझ्यावर डाफरून त्या उठल्या. पळीत तूप घेऊन गॅसवर पातळ केलं, दोन फुलवाती एकत्र वळून एक जाड केली, आणि मग निरांजन प्रसाद वाटून झाला तरी जळत होतं. मी म्हटलं, "पण आई, मेमध्ये याच वाती चालत होत्या की."

"मेमध्ये तूप डब्यातच पातळ असतं," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या फुलवाती माझ्या हातात दिल्या.

सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. ज्यांनी डालडा बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, कूळ तेच. ग्लासात ओतायच्या जातीची सोया वॅक्स साधारण ४६ ते ५२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात, माझं ४८ च्या आसपास. मे महिन्यात रात्री आठ वाजता आमच्या हॉलमध्ये ३४ अंश असतात. म्हणजे ज्योतीला कडेचं मेण १४ अंश वर चढवायचं असतं. जानेवारीत गॅलरीचं दार उघडं असताना त्याच वेळी मी १९ मोजले. चढण झाली २९ अंशांची. दुपटीहून जास्त. वितळण्यासाठी लागणारी उष्णता दोन्ही वेळा तेवढीच, पण त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायचं अंतर दुप्पट, आणि शिवाय गार काचेतून बाहेर निसटणारी उष्णता वेगळी. ज्योत तेवढीच असेल तर तळं काचेपर्यंत पोहोचणार नाही, आणि पोहोचलं नाही की विहीर ठरलेली.

पुण्यात हे जास्त जाणवतं, कारण इथल्या थंडीला दुपार नसते. जानेवारीत दुपारी तीस अंश, पहाटे दहा-बारा. तुम्ही दुपारी दोनला चाचणी घेता आणि मेणबत्ती जळते रात्री नऊला. दुपारची चाचणी म्हणजे जवळजवळ उन्हाळ्याचीच चाचणी. मीही तेच करत होते, कारण दुपारी घर रिकामं असतं.

सोयाबीनवरून आठवलं. लॉ कॉलेज रोडच्या बाजूला आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे सोयाबीनचे 'एमएसीएस' नावाचे वाण तयार झाले आहेत. माझ्या ग्लासातलं मेण त्या शेंगांचं आहे असा माझा दावा नाही, पण काकूंना मी म्हटलं की सोयाबीनचं वाण काय आणि संक्रांतीचं वाण काय, दोन्ही पुण्याचंच. त्यांना विनोद कळला नाही किंवा आवडला नाही. त्यांनी ग्लास पुढे केला.

वातीचं आता सविस्तर सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला मेणबत्तीचं सामान मिळतं. तिथे वात मागितली की "चार इंची का सहा इंची?" असं विचारतात. लांबी काय, कात्रीने कापता येते. विचारायची ती जाडी, आणि ती सुट्या वातींवर लिहिलेली नसते. त्यातून त्या वाती बहुतेक वेळा साध्या पॅराफिनच्या मेणबत्त्यांच्या हिशेबाने आलेल्या असतात. वितळलेलं पॅराफिन पातळ असतं, वातीतून सरसर चढतं. सोया जरा दाट, सावकाश चढतं, म्हणून त्याच व्यासाला सोयासाठी वात सहसा जाड लागते. नंबर असलेल्या वाती घ्या. सीडी, इको, एचटीपी अशा मालिका येतात, ऑनलाइन मिळतात. एका मालिकेत आकडा वाढला की ज्योत मोठी. पण एका मालिकेतल्या १० ची दुसरीतल्या १० शी तुलना करू नका, त्या वेगळ्या विणीच्या वाती आहेत.

मग चाचणी. एकाच पातेल्यातलं मेण, एकसारखे तीन ग्लास, तीन लागोपाठचे नंबर. बाकी काहीही बदलायचं नाही. मला माहीत आहे की एवढ्यात नवा सुगंधही बघून घ्यावासा वाटतो, पण मग बिघडलं कशाने ते कधीच कळत नाही. ओतल्यावर दोन आठवडे थांबायचं. सोया वॅक्स वरून घट्ट दिसलं तरी आत त्याचे स्फटिक जमत राहतात, दुसऱ्या दिवशी जाळलेला ग्लास पंधराव्या दिवशीच्या ग्लासासारखा वागत नाही. आणि जाळायचे रात्री, ज्या महिन्यात वाटणार किंवा विकणार त्याच महिन्यातल्या रात्री.

जाळण्याआधी ग्लास डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहा, चार तासांनी विझवून पुन्हा लिहा. सोनारी काटा नको, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा पुरतो. डोळ्यांना ज्योत ठीकच वाटते, काटा खोटं बोलत नाही. माझ्या वहीतले आकडे देते. २०० ग्रॅम मेण, सात सेंटिमीटरचा ग्लास. जानेवारीत इको १० ने चार तासांत १३ ग्रॅम जळालं, तळं पाच सेंटिमीटरवर अडलं. इको १२ ने २० ग्रॅम, साडेतीन तासांत कडेला भिडलं, खोली सेंटिमीटरभर. हे हवं होतं. तीच इको १२ मेमध्ये लावली तर २६ ग्रॅम जळालं, तळं दोन सेंटिमीटर खोल, वातीच्या टोकाला काळी भूछत्री, आणि काच हातात धरवेना. म्हणून 'बारा महिने जाड वातच वापरते' हा उपाय नव्हे. उन्हाळ्यात तो धोका आहे, पातळ काच तडकते.

माझ्या कपाटात आता वातीचे दोन डबे आहेत, एकावर उन्हाळी आणि दुसऱ्यावर हिवाळी असं लिहिलेलं. सप्टेंबरनंतर ओतलेला प्रत्येक ग्लास हिवाळी, कारण तो दिवाळीनंतरच कुणाच्या तरी घरी जळणार असतो. ओतायचा महिना बघायचा नाही, जळायचा बघायचा.

आता ती मघाशी म्हटलेली फजिती. उपाय सापडला म्हणून उत्साहाने मी पुढच्या खेपेला थेट इको १४ लावली. पहिल्या रात्री तळं दोन तासांत कडेला, मी खूश. पण ग्लास अर्धा झाल्यावर ज्योत उंच झाली, काचेच्या तोंडाशी काळा पट्टा आला, आणि खोलीत बनपावाच्या सुगंधाऐवजी जळक्या तुपाचा वास. झालं असं की ग्लास जसा रिकामा होतो तशी ज्योत काचेच्या आत खोल जाते, भोवतीच्या भिंती तापतात, आडोसा मिळतो, आणि तीच वात जास्त मेण वितळवायला लागते. म्हणून वरच्या एक-दोन जळण्यांत कडेला तीन-चार मिलिमीटर मेणाचं कडं उरलं तर घाबरायचं नाही. खालचा भाग गरम झाला की ते आपसूक उतरतं. वात वरच्या इंचावरून ठरवायची नसते, एक तरी ग्लास तळापर्यंत जाळायचा. तळाशी बोटभर मेण उरलं की थांबा, ते शेवटचं जाळायचं नसतं. मेण संपलं की नुसती ज्योत काचेच्या बुडाला भाजते.

वात बदलायचीच नसेल तर ग्लास बदला. सहा सेंटिमीटरच्या ग्लासात माझी उन्हाळी वात थंडीतही निभावते. उलट नऊ सेंटिमीटरच्या वरच्या पसरट वाडग्यात एक जाड वात लावण्यापेक्षा दोन मध्यम वाती बऱ्या. मातीच्या पणत्या आणि कुल्हडं दिसायला सुंदर, पण आतून लेप दिलेला नसेल तर माती मेण पिते आणि भांडंच वातीसारखं वागायला लागतं. कुंभारवाड्यातून आणा, पण आधी त्यात रात्रभर तेल भरून ठेवा आणि बाहेरून ओलावा आला का बघा.

थंडीचा आणि वातीच्या जाडीचा संबंध नसलेली दोन कारणं आहेत, ती थंडीतच डोकं वर काढतात म्हणून सांगते. गार हवेत सुगंध कमी पसरतो. मग हात सैल सुटतो आणि फ्रॅग्रन्स ऑइल वाढतं. ज्योत सुरुवातीला छान, अर्ध्या-पाऊण तासाने बारीक होत जाते, वातीवर काळा चिकट गोळा येतो, तर समजा वात चोंदली आहे. मी ८ टक्के घालते, म्हणजे २०० ग्रॅम मेणाला १६ ग्रॅम, आणि तेही काट्यावर मोजून. मिलिलिटरवर जाऊ नका, तेलं कमीजास्त जड असतात. मेण ८० ते ८५ अंशांवर असताना घालायचं, दोन मिनिटं शांतपणे ढवळायचं, ५५ ते ६० वर आलं की ओतायचं. केकमध्ये घालायचा इसेन्स मेणात कधीच घालू नका. तो पाण्याच्या जातीचा, मेणात मिसळत नाही, थेंब तळाशी बसतात आणि ज्योत तिथे पोहोचली की तडतडते.

दुसरं कारण रंग. संक्रांतीच्या खेपेला एका मैत्रिणीने हौसेने हळद आणि कुंकू घालून पिवळ्या आणि लाल मेणबत्त्या केल्या. दुसरीने मुलाचे मोडके क्रेयॉन वितळवले. हे रंग मेणात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, मेणाबरोबर वातीत चढतात आणि तिच्या धाग्यांत गाळासारखे अडकतात. दोघींच्याही मेणबत्त्या वीस मिनिटांत विझल्या. मेणात विरघळणारा मेणबत्तीचाच रंग वापरा, नाही तर पांढरी चांगली दिसते.

वात कापण्याबद्दलही एक. पाच-सहा मिलिमीटर ठेवा, असं मी सगळ्यांना सांगत असे. माझ्या वहिनीने ते इतकं मनावर घेतलं की दर वेळी नेलकटरने मुळापर्यंत कापायची. दोन मिलिमीटर वातीची ज्योत स्वतःच्याच तळ्यात बुडते. मूग उभा केला तर जेवढा दिसेल तेवढी वात हवी, असं आता सांगते.

काही जणी थंडीसाठी वॅक्समध्ये खोबरेल मिसळतात, म्हणजे मेण मऊ होईल आणि लवकर वितळेल. होतंही. पण तेच ग्लास एप्रिलपर्यंत कपाटात राहिले की वर तेलाचे थेंब सुटतात, आणि चाळीस अंशांच्या दुपारी चार चाकीत ठेवले तर विचारूच नका. मी नाही करत.

थंडीत ओततानाही एक गोष्ट. ग्लास थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा शहाबादीवर ठेवू नका. दगड इतका गार असतो की बुडाचं मेण झटकन गोठतं, वरचं मागे राहतं, आणि पृष्ठभागावर खळगे किंवा वातीभोवती भोक पडतं. ते भोक आणि विहीर यांत गल्लत होते. न पेटवलेल्या ग्लासातलं भोक थंड होताना पडलेलं असतं, त्याला वरून गरम हवेचा झोत दिला की भरतं. मी ग्लास देवाच्या जुन्या पाटावर, वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवते आणि वरून पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालते.

काचेच्या आतून मेण सुटून ओलसर डाग दिसतात, पांढरी बुरशीसारखी नक्षी येते, या दोन्ही तक्रारी थंडीत वाढतात आणि दोन्ही निव्वळ दिसण्याच्या आहेत. दिवसा तीस आणि पहाटे बारा झाले की मेण आकसतं, काच वेगळ्या मापाने आकसते, कुठेतरी सुटणारच. आणि ती नक्षी म्हणजे मेणाचे स्फटिक, तूप रवाळ होतं तसं. रवाळ तुपाचं आपण कौतुक करतो आणि रवाळ मेणबत्ती परत करतो. जळण्यात काडीचा फरक पडत नाही. ग्राहक ऐकत नसेल तर रंगीत मेणाऐवजी पांढरं द्या, त्यात दिसत नाही.

विहीर पडलेले ग्लास टाकून देऊ नका. विहीर उथळ असेल तर मेणबत्ती पेटवा, ॲल्युमिनियमच्या फॉइलची टोपी करून काचेच्या काठावर बसवा, मध्ये दोन बोटांएवढं भोक ठेवा म्हणजे ज्योतीला हवा मिळेल आणि उष्णता कडेला वळेल. अर्धा-एक तास लागतो. तेवढा वेळ समोर बसायचं, फोन घ्यायला आत जायचं नाही. फॉइल चिमट्याने काढा, ती आणि काच दोन्ही तापलेली असतात. विहीर खोल असेल तर फॉइलने भागत नाही. मग न पेटवता हेअर ड्रायरने, कमी वेगावर, वरचं मेण वितळवून सपाट करा. वात त्यात गाडली गेली तर थोडं मेण चमच्याने काढून टाका, वात मोकळी होईपर्यंत. काढलेलं मेण बेसिनमध्ये ओतायचं नाही, पुढच्या वळणावर जाऊन तिथे गोठतं. कागदावर ओता, वडी होते, पुढच्या चाचणीला चालते. आणि मेण वितळवताना नेहमी पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या भांड्यात, गॅसवर थेट नाही. कधी पेट घेतलाच तर गॅस बंद आणि वर झाकण. पाणी अजिबात नाही, तापल्या तेलावर पडल्यासारखं उसळतं.

बारीक वात आतच आहे, तोवर दुरुस्त केलेली विहीर थंडीत पुन्हा पडणार, हे लक्षात ठेवा. काकूंच्या ग्लासातली वात बदलायची म्हणून मी ग्लास कोमट पाण्यात उभा करून सगळं मेण काढलं, वितळवलं, इको १२ लावून पुन्हा ओतलं आणि दोन आठवड्यांनी परत दिला. तोवर फेब्रुवारी सरत आला होता. तो ग्लास त्यांनी हॉलमध्ये नाही ठेवला, बाथरूममध्ये ठेवलाय. खिडकी बंद असते, पंखा नाही, आणि गीझरमुळे ऊब. तिथे उन्हाळी वातसुद्धा चालली असती.